फवारणीचा हंगाम आणि पुराव्याचा शोध

वऱ्हाडातील रोजच्या बोलण्यात 'औषध' हा शब्द दोन परस्परविरोधी अर्थांनी वावरतो. दवाखान्यात मिळते तेही औषध आणि कृषी केंद्रातून आणून फवारणीच्या पंपात घालतात तेही औषध. त्यामुळे 'औषध अंगावर आलं' किंवा 'औषध घेतलं' हे शब्द रुग्णाच्या सोबत आलेल्या माणसाच्या तोंडून निघताच त्यांचा अर्थ लावण्याची जबाबदारी समोरच्या डॉक्टरवर येऊन पडते, आणि हा अर्थ लावण्यातच पुढच्या सगळ्या उपचाराची दिशा ठरते. वैद्यकीय संशोधनाच्या ऑनलाइन डेटाबेसचा, म्हणजे जगभरच्या नियतकालिकांतील संशोधनलेखांच्या शोधता येण्याजोग्या साठ्याचा, रुग्णालयातील डॉक्टरांना काय उपयोग होतो, हा प्रश्न सहसा मोठ्या शहरांतील अध्यापन रुग्णालये डोळ्यांसमोर ठेवून विचारला जातो. परंतु या साठ्याचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा ज्या ठिकाणी सर्वाधिक स्पष्ट दिसतात ते ठिकाण म्हणजे वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावसारखे गाव, जिथे सोयाबीन, तूर आणि कपाशीचा हंगाम आणि विषबाधेचा हंगाम एकच असतो.

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात माणसाच्या उंचीला आलेल्या कपाशीत फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा हा विषय काही काळ महाराष्ट्राच्या चर्चेत आला. त्या चर्चेत कीटकनाशकांची विक्री, परवाने, संरक्षक कपडे आणि नुकसानभरपाई हे मुद्दे योग्यच होते. परंतु खाटेवरच्या रुग्णाला नेमके काय द्यायचे, आणि ते द्यावे हे डॉक्टरला कशावरून कळायचे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. तो प्रश्न सोपा समजला गेला असावा. प्रत्यक्षात तो वैद्यकशास्त्रातील आजही न सुटलेल्या प्रश्नांपैकी एक आहे.

ऑर्गॅनोफॉस्फेट या वर्गातील कीटकनाशके, ज्यांच्या विषबाधेला वॉर्डात 'ओपी पॉयझनिंग' म्हणतात, शरीरातील ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाच्या विकराला, म्हणजे मज्जातंतूंचा निरोप पोहोचल्यावर तो पुसून टाकणाऱ्या रासायनिक घटकाला, निकामी करतात. निरोप पुसला जात नाही म्हणून तो अखंड वाजत राहतो. तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते, स्नायू फडफडतात आणि फुप्फुसांत स्राव साचून व श्वासाचे स्नायू थकून माणूस गुदमरतो. यावर दोन औषधे परंपरेने दिली जातात. ॲट्रोपिन हे या अतिरेकी निरोपाला ग्रंथी व हृदयाच्या पातळीवर अडवते, तर प्रालिडॉक्साइम, ज्याला डॉक्टर आणि परिचारिका 'पॅम' या नावाने ओळखतात, विषाच्या तावडीतून विकराला सोडवते असे सिद्धांत सांगतो. ॲट्रोपिनबद्दल वाद नाही. पॅमबद्दल मात्र आहे, आणि तो वाद समजून घ्यायचा तर डेटाबेसमध्ये उतरावेच लागते.

हा साठा एका दिवसात उभा राहिलेला नाही. अमेरिकी सैन्याच्या ग्रंथालयाचे प्रमुख जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये 'इंडेक्स मेडिकस' ही वैद्यकीय लेखांची छापील सूची सुरू केली. १९६४ मध्ये तिचे संगणकीकरण होऊन 'मेडलार्स' ही प्रणाली आली, १९७१ मध्ये दूरवरून शोधता येणारी 'मेडलाइन' आली आणि १९९७ मध्ये 'पबमेड' या संकेतस्थळावरून ती जगातील कोणालाही मोफत खुली झाली. आज पबमेडमध्ये ३ कोटी ६० लाखांहून अधिक नोंदी आहेत. याच्या जोडीला दुसरी एक परंपरा उभी राहिली. आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरने १९७२ मध्ये असा आग्रह धरला की उपचार परिणामकारक आहे की नाही हे अधिकारी व्यक्तीच्या मतावरून न ठरवता यादृच्छिक चाचण्यांवरून, म्हणजे रुग्णांची दोन गटांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून केलेल्या तुलनेवरून, ठरवावे. त्यांच्या नावाने १९९३ मध्ये स्थापन झालेली कॉक्रन ही संघटना एका प्रश्नावरच्या सर्व चाचण्या शोधून, त्यांचे गुणदोष तपासून, त्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध करते. पबमेड हे धान्याचे कोठार मानले तर कॉक्रन ही त्यातील धान्य निवडून, पाखडून ठेवण्याची जागा म्हणता येईल.

कोठारात शिरण्याची रीत मात्र शिकावी लागते, आणि इथेच 'औषध' या शब्दाचा पहिला अडसर येतो. रुग्णासोबत आलेला माणूस फार तर दुकानातील व्यापारी नाव सांगतो. डेटाबेसला ते नाव बहुधा ओळखीचे नसते. त्याला रासायनिक नाव लागते, म्हणून पहिली खरी 'शोधक्रिया' संगणकावर न होता घरी माणूस पाठवून डबा किंवा बाटली मागवण्यात होते. भारतात कीटकनाशकाच्या वेष्टनावर घटकाचे नाव आणि विषबाधेवरील उताऱ्याची माहिती छापणे नियमाने बंधनकारक आहे, आणि लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो. बाटली हाती आली की तिच्यावरचे बारीक अक्षर वाचून त्यात एकच रसायन आहे की दोन रसायनांचे मिश्रण आहे हे पाहावे लागते, कारण प्रोफेनोफॉससारखे ऑर्गॅनोफॉस्फेट बाजारात सायपरमेथ्रिनबरोबर मिसळूनही मिळते, तर डायफेन्थियुरॉन हे कपाशीवर फवारले जाणारे द्रव्य ऑर्गॅनोफॉस्फेट नाहीच, आणि त्याच्या विषबाधेत पॅमचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यानंतर पबमेडच्या चौकटीत शब्द घालताना 'ऑर्गॅनोफॉस्फेट' आणि 'ऑर्गॅनोफॉस्फरस' ही दोन्ही रूपे 'किंवा'ने जोडायची, 'प्रालिडॉक्साइम' आणि 'ऑक्झाइम' हे शब्दही 'किंवा'ने जोडायचे, आणि मग हे दोन गट 'आणि'ने बांधायचे, म्हणजे दोन्ही कल्पना ज्यात आहेत तेच लेख समोर येतात. पबमेडमध्ये बहुतेक लेखांना विषयाची ठरावीक शीर्षके लावणारी 'मेश' नावाची शब्दावलीही आहे. तिच्यामुळे लेखकाने कोणताही शब्द वापरला असला तरी विषय एकच असल्यास लेख सापडतो. शेवटी 'यादृच्छिक चाचणी' ही चाळणी लावली की शेकडो नोंदींतून मोजक्या उरतात.

उरलेल्या मोजक्या नोंदींत एक नाव महाराष्ट्राचे आहे. बारामतीच्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवर केलेली चाचणी २००६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मध्यम तीव्रतेच्या विषबाधेच्या या सर्व रुग्णांना आधी पॅमची २ ग्रॅमची पहिली मात्रा दिली गेली. त्यानंतर एका गटाला ४८ तास दर तासाला १ ग्रॅम असे सतत सलाइनमधून, तर दुसऱ्या गटाला दर ४ तासांनी १ ग्रॅम असे पॅम मिळाले. सतत पॅम मिळालेल्या गटात १ टक्का, तर दुसऱ्यात ८ टक्के रुग्ण दगावले, आणि पहिल्या गटाला ॲट्रोपिनही कमी लागले. तालुक्याच्या गावातून जगातील अग्रगण्य नियतकालिकात गेलेले हे काम महाराष्ट्राने अभिमानाने सांगावे असेच आहे, आणि फक्त त्याचा गोषवारा वाचणारा डॉक्टर तत्काळ पॅमची सलाइन लावील.

तीच चाळणी आणखी एक लेख समोर ठेवते. श्रीलंकेतील रुग्णालयांत २३५ रुग्णांवर झालेली चाचणी २००९ मध्ये 'प्लॉस मेडिसिन'मध्ये आली. तिच्यात एका गटाला पॅम आणि दुसऱ्याला नुसते सलाइन दिले होते, आणि पॅमच्या गटात १२१ पैकी ३०, तर सलाइनच्या गटात ११४ पैकी १८ रुग्ण दगावले. हा फरक निव्वळ योगायोगाने पडलेला असू शकतो असे संख्याशास्त्र सांगते, पण पॅममुळे फायदा झाला असे तर तो मुळीच दाखवत नाही. त्याआधी १९९० च्या दशकात वेल्लोरहून आलेल्या चाचण्यांनीही पॅमच्या उपयुक्ततेबद्दल शंका उपस्थित केली होती. हे सर्व एकत्र तपासून २०११ मध्ये कॉक्रनच्या आढाव्याने निष्कर्ष काढला की पॅम उपयोगी आहे की अपायकारक, हे ठरवण्याइतका पुरावा उपलब्ध नाही.

अशा वेळी डेटाबेसने आपल्याला फसवले असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि पुष्कळ डॉक्टर इथेच थांबून वरिष्ठ जे सांगतील ते करतात. परंतु डेटाबेसचा खरा उपयोग या विसंगतीच्या पुढे सुरू होतो, असे या लेखाचे म्हणणे आहे. कारण दोन चाचण्यांचे निष्कर्ष वेगळे निघाले तर त्या दोन ठिकाणच्या रुग्णांत काय वेगळे होते हा प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर शोधताना समोरच्या खाटेवरचा रुग्ण त्या दोघांपैकी कोणाच्या जवळचा आहे हे ठरवावे लागते. बारामतीच्या चाचणीत दोन्ही गटांना पॅम मिळालेच होते; तिने 'पॅम द्यावे की नाही' हा प्रश्न विचारलाच नव्हता, 'किती आणि कसे द्यावे' हा विचारला होता. अतिदक्षता विभागाची सोय तिथे होती. श्रीलंकेच्या चाचणीत बहुतेकांनी आत्महत्येच्या प्रयत्नात विष प्यायलेले होते, आणि विषबाधेची तीव्रता व विषाचे प्रकार दोन्ही निरनिराळे होते.

यातील सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे वेळ. विष आणि विकर यांची गाठ काही काळाने अशी पक्की होते की ती पॅमला सोडवता येत नाही. या क्रियेला विकराचे 'जून होणे' असे म्हणता येईल, जसे वेळेवर न तोडलेल्या भेंडीत धागा पडतो आणि मग ती शिजवूनही मऊ होत नाही. मोनोक्रोटोफॉस आणि डायमेथोएट ज्या डायमिथाइल उपवर्गात मोडतात त्यात निम्मी विकरे साधारण पावणेचार तासांत जून होतात, तर क्लोरपायरीफॉसच्या डायएथिल उपवर्गात त्यालाच सुमारे ३३ तास लागतात; प्रोफेनोफॉसमध्ये ही क्रिया त्याहूनही झपाट्याने घडते. म्हणून दुपारी फवारणी करताना गरगरल्यावर आधी झाडाखाली निजवलेला, मग गावातल्या दवाखान्यात नेलेला आणि रात्री मोठ्या रुग्णालयात रेफर केलेला माणूस हा कोणत्या रसायनाने बाधित आहे यावर पॅमचा प्रश्न अवलंबून राहतो. डबा आणि घड्याळ या दोन गोष्टी हाती असल्याशिवाय बारामतीची चाचणी या रुग्णाला लागू होते की श्रीलंकेची, हे पबमेड सांगू शकत नाही.

ॲट्रोपिनबाबत मात्र डेटाबेस अधिक थेट मदत करतो. बांगलादेशातील चितगाव येथे १५६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ठरावीक अंतराने मात्रा देण्याच्या जुन्या पद्धतीऐवजी फुप्फुसांतील घरघर थांबेपर्यंत मात्रा भराभर दुप्पट करत नेऊन नंतर सलाइनमधून देत राहण्याच्या पद्धतीत मृत्यूचे प्रमाण २२.५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. यासाठी लागते ते एवढेच: स्वस्त ॲट्रोपिन पुरेसे असणे, छाती ऐकणारा कान, आणि दर काही मिनिटांनी खाटेपाशी परत येणारा माणूस. ही पद्धत कामरगावात जशीच्या तशी अवलंबता येते, कारण ती सिद्ध करणाऱ्या रुग्णालयाची गर्दी आणि साधनांची टंचाई आपल्याकडच्यासारखीच होती. पुरावा जवळचा आहे की दूरचा हे छापणाऱ्या नियतकालिकाच्या दर्जावरून न ठरवता रुग्णांच्या साम्यावरून ठरवावे, हे या एका उदाहरणातून चांगले उमगते.

परंतु हा सगळा शोध रात्रपाळीत कोणी आणि केव्हा करायचा, हा रास्त आक्षेप आहे. डॉक्टरांना प्रश्न पडतात, पण ते शोधायला त्यांच्याजवळ क्षणभर वेळ नसतो, हे संपन्न देशांतही दिसले आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील १०३ कुटुंब-डॉक्टरांचे निरीक्षण करून १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांना पडलेल्या १,१०१ प्रश्नांपैकी ६४ टक्के प्रश्नांचा पाठपुरावाच झाला नाही, आणि ज्यांचा झाला त्यांवर सरासरी दोन मिनिटांपेक्षाही कमी वेळ गेला. संशोधनलेखांचा रीतसर शोध फक्त दोन प्रश्नांसाठी घेतला गेला. त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये डेव्हिड सॅकेट आणि शॅरन स्ट्रॉस यांनी संगणक व पुरावे ठेवलेली एक गाडी वॉर्डात आणली, तेव्हा डॉक्टर ती सर्रास वापरू लागले. आणि गाडी काढून घेतल्यावर पुराव्याची गरज वाटूनही ४१ पैकी अवघ्या ५ वेळा शोध झाला. डॉक्टरांच्या आळसाचा हा पुरावा नव्हता. हाताशी नसलेली वस्तू वापरात येत नाही, एवढेच त्यातून दिसले. आज ती गाडी प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आली आहे, म्हणून रात्री खाटेपाशी शोधण्यापेक्षा हंगामाच्या आधी, मे-जूनच्या निवांत दुपारी, रुग्णालयातील दोघाचौघांनी बसून वरील पाचसहा लेख पूर्ण वाचून भिंतीवर लावायचा एक तक्ता तयार करणे अधिक शहाणपणाचे ठरते. त्या तक्त्यावर रासायनिक गट, वेळ आणि ॲट्रोपिनची पद्धत एवढेच हवे. यंत्राने रचलेली उत्तरे देणारी नवी साधनेही आता डॉक्टरांच्या हाती आली आहेत, आणि ती सोयीची आहेत यात शंका नाही. पण त्यांनी दिलेला संदर्भ पबमेडमध्ये उघडून पाहिल्याशिवाय त्यांच्यावर विषबाधेची मात्रा ठरवणे योग्य नव्हे.

'लेख पूर्ण वाचून' हे शब्द लिहिणे सोपे आहे. पबमेडवर गोषवारा मोफत मिळतो, संपूर्ण लेख मात्र अनेकदा पैसे भरूनच मिळतो, आणि बारामतीच्या चाचणीत दोन्ही गटांना आधीची मात्रा मिळाली होती यासारखे तपशील घाईने वाचलेल्या गोषवाऱ्यातून निसटतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये 'हिनारी' हा कार्यक्रम सुरू करून गरीब देशांतील संस्थांना नियतकालिके जवळजवळ मोफत मिळवून दिली, पण प्रकाशकांचा ग्राहकवर्ग इथे मोठा असल्याने भारत त्या यादीबाहेर राहिला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये कॉक्रन ग्रंथालय देशभर सर्वांना मोफत खुले केले, ही त्या काळातील दूरदृष्टीची गोष्ट होती. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मंजूर केलेली 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना त्याहून कितीतरी मोठी आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके. पण ती शासकीय उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी आहे. त्यामुळे वाशीमला २०२४ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थी जो लेख उघडू शकेल, तोच लेख त्याच जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यासाठी बंद राहतो. विषबाधेचा रुग्ण आधी कोणाकडे पोहोचतो हे ध्यानात घेतले तर ही सीमा उलट्या जागी आखली गेली आहे असेच म्हणावे लागते. सार्वजनिक आरोग्य विभागातील प्रत्येक नियुक्त डॉक्टरला त्याच वर्गणीतून प्रवेश देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, आणि ते मागितले पाहिजे.

मागणी करताना एक गोष्ट विसरू नये: ग्रामीण डॉक्टर हा या साठ्याचा केवळ वाचक नाही. पबमेड जन्मालाही आले नव्हते तेव्हा रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने मरणाऱ्या रुग्णांचा रक्तदाब, नाडी आणि घाम यांची तासातासाने नोंद ठेवली. १९८२ मध्ये त्यांचा लेख लॅन्सेटमध्ये आला आणि १९८६ मध्ये प्रॅझोसिन या रक्तदाब उतरवणाऱ्या औषधाने या दंशावर उपचार करता येतो हे त्यांनी तिथेच मांडले. पुढे २०११ मध्ये महाडच्या रुग्णांवर त्यांनीच केलेल्या यादृच्छिक चाचणीत प्रॅझोसिनबरोबर विंचूदंशावरचे प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्णांची, तर फक्त प्रॅझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ रुग्णांची लक्षणे १० तासांत पूर्ण निवळली. आज जगात कुठेही विंचूदंश शोधला की महाडचे नाव वर येते. ते नाव वर आले याचे कारण, एका डॉक्टरने वर्षानुवर्षे तीच निरीक्षणे, त्याच क्रमाने, वेळेसह लिहून ठेवली, हे आहे.

कीटकनाशकांच्या बाबतीत अशी नोंद आज वऱ्हाडात कुठे तुटते ते रेफर चिठ्ठीवर दिसते. चिठ्ठीवर बहुधा 'ओपी पॉयझनिंग, ॲट्रोपिन दिले, पुढील उपचारासाठी' एवढेच असते; रसायनाचे नाव नसते, फवारणी किंवा विष पिणे किती वाजता घडले ते नसते, आणि ॲट्रोपिनच्या किती मात्रा किती वाजता दिल्या तेही नसते. या तीन ओळी भरल्या गेल्या तर मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरला पॅमचा निर्णय घेता येईल, आणि हंगाम संपल्यावर कारंजा, मंगरूळपीर, दारव्हा आणि मूर्तिजापूर या चार तालुक्यांच्या चिठ्ठ्या एकत्र मांडल्या तर ज्या प्रश्नावर कॉक्रनला पुरावा अपुरा वाटला त्याच प्रश्नावर थोडा तरी नवा प्रकाश पडेल. त्यासाठी नवीन यंत्र लागत नाही. चिठ्ठीच्या छापील नमुन्यात तीन रिकाम्या ओळी लागतात, आणि पहिल्या ओळीवर लिहिता यावे म्हणून डबा घेऊन येण्यासाठी शेतात परत धावणारा एक माणूस लागतो.